ऑफिससाठी उन्हाळ्याचे कपडे: बर्डीतून रेडिमेड घ्यावेत की गांधीबागेतून कापड घेऊन शिवावेत?

जांभळी_ओढणी

नमस्कार मंडळी. 1 एप्रिलपासून नागपूरला मिहानमध्ये नोकरीवर रुजू व्हायचं आहे, आणि कपडे बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून की गांधीबागेच्या कापडबाजारातून घ्यायचे हे ठरत नाहीये. घर मानेवाड्याला, जाणं-येणं स्कूटीने. एप्रिल-मेचं ऊन रस्त्यावर आणि मग नऊ तास एसी. ड्रेसकोड सैल आहे, जीन्स चालते, पण नीटनेटकं दिसायला हवं. मला रंग आवडतात, प्रिंट आवडतात, फक्त काळा-पांढरा-बेज असा गणवेश नको.

बजेट 12,000, चपलेसकट. उंची 5 फूट 3 इंच, छाती 36, सीट 39. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खरं कॉटन दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं? कापड किती मीटर घ्यायचं? आणि शिवून घेतलेला कपडा पहिल्या धुण्यानंतर आखूड होतो किंवा अंगावर फिरतो, तो कशाने?

ताणाबाणा

आधी कापड ठरवा, मग रंग, मग शिलाई. दुकानात हा क्रम नेहमी उलटा होतो, कारण डोळा आधी प्रिंटवर जातो.

"कॉटन आहे ताई" याचा अर्थ दुकानात काहीही असू शकतो: शुद्ध सुती, कॉटन-पॉलिस्टर, रेयॉन, नाहीतर नुसतं सुतीसारखं लागणारं पॉलिस्टर. विदर्भात कापूस पिकतो, 1877 साली सुरू झालेली एम्प्रेस मिल इथलीच, पण म्हणून गांधीबागेतलं कापड इथलंच असतं असं समजू नका. भिवंडी, इचलकरंजी, सुरत, जयपूर, इरोड इथला माल एकाच रॅकवर शेजारी शेजारी असतो. हात लावून फसगत होते, कारण नव्या कापडावर खळ असते.

कापलेल्या कडेतून दोन धागे काढा, एक उभा (ताणा) आणि एक आडवा (बाणा). दोन्ही वेगवेगळे तपासायचे, कारण ताणा पॉलिस्टर आणि बाणा सुती असं कापड भरपूर विकलं जातं. दुकानाबाहेर येऊन धागा जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा, ज्योत विझल्यावर टोक थोडा वेळ धुमसतं आणि राख फुंकरीने उडते. पॉलिस्टर ज्योत जवळ येताच आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो. मिश्रण असेल तर कागदासारखं जळून टोकाला खरखरीत गुठळी राहते.

ही परीक्षा एका ठिकाणी हुकते: रेयॉन. तोही कागदासारखाच जळतो. त्यासाठी धागा जिभेवर ओला करून ओढा. रेयॉन ओला झाला की कमजोर पडतो, झटकन तुटतो. कापूस ओला झाला की उलट मजबूत होतो. रेयॉन वाईट नाही, अंगावर छान पडतो, पण आटतो बराच आणि पिळून पिळून धुतला की लवकर विटतो. रोजच्या ऑफिसला मी सुतीच सांगेन.

कुर्ता आणि शर्टसाठी "साठ-साठ कॅम्ब्रिक" (पातळ, गुळगुळीत सुती कापड) मागा. ताणा आणि बाणा दोन्ही 60 नंबरच्या धाग्याचे, असा त्याचा अर्थ. नंबर वाढला की धागा बारीक. साठ-साठ पुरेसं पातळ असतं आणि बहुतेक गडद रंगांत अस्तराशिवाय चालतं. मलमल त्याहून पातळ. कापडाखाली तळहात धरा. तळहातावरच्या रेषा दिसल्या तर अस्तर किंवा स्लिप लागणारच. इथे एक चूक फार होते: अस्तर म्हणून सँटून किंवा क्रेप लावून देतात, ते पॉलिस्टर असतं. वर मलमल, आत प्लास्टिक, मग मलमल घेण्यात काय अर्थ उरला? अस्तरही मलमलचंच घ्या.

ट्राउझरला कॅम्ब्रिक घेऊ नका, गुडघ्याला फुगतं. तिथे कॉटन फ्लेक्स, ड्रिल किंवा लिनन. लिननचा नंबर "लिया"मध्ये सांगतात. 60 लिया शर्टला, 40 च्या आसपास ट्राउझरला. लिनन चुरगळणारच, तो त्याचा स्वभाव आहे. फक्त रोज एकाच रेषेवर कडक इस्त्री मारू नका, त्या घडीवर धागे तुटतात.

मीटरचा हिशोब पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर असतो, म्हणून आधी पन्हा विचारा. तुमच्या मापाला 42 इंच लांब, पाऊण बाहीचा सरळ कुर्ता: 44 इंच पन्ह्याचं कापड 2.5 मीटर, 58 इंच पन्ह्याचं 1.75 मीटर. सैल मोहरीची ट्राउझर: 44 पन्ह्यात 2.5 मीटर, 58 पन्ह्यात 1.5. पूर्ण बाहीचा ढगळ शर्ट: 44 ला 2.5, 58 ला 1.75 ते 2. चौकड्या जुळवायच्या असतील किंवा प्रिंट एकाच दिशेची असेल तर 25 सेंटिमीटर जादा. यात आटण्याचा हिशोब धरला आहे.

महालची_टीप

वरचं सगळं बरोबर. आता आखूड होणं आणि फिरणं याबद्दल, कारण हे दोन वेगळे आजार आहेत.

आखूड होतं ते कापड न भिजवता शिवल्यामुळे. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात 3 ते 5 टक्के आटतं. 42 इंचाच्या कुर्त्यात 4 टक्के म्हणजे पावणेदोन इंच. गुडघ्यावर येणारा कुर्ता गुडघ्याच्या वर जातो. म्हणून कापड घरी आणल्यावर उभी लांबी टेपने मोजून लिहून ठेवा, साध्या पाण्यात दोन-तीन तास बुडवा, गडद रंग वेगळे ठेवा, न पिळता सावलीत पसरून वाळवा, किंचित दमट असताना इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. 2.5 मीटरचं 2.4 झालं तर जे व्हायचं ते होऊन गेलं. तेवढ्यावर थांबू नका. अस्तरही भिजवा. वरचं भिजवलं आणि अस्तर कोरं राहिलं तर पहिल्या धुण्यात अस्तर आत ओढलं जातं आणि खालचा घेर सुरकुतून वर उचलला जातो. शिंपी तेव्हा म्हणतो कापड खराब होतं, तर कापड चांगलंच असतं.

अंगावर फिरतो, म्हणजे बाजूची शिवण पोटाकडे येते, ते कापड तिरकं बेतल्याने. दुकानात तागा खेचून कापतात तेव्हा आडवा धागा सरळ राहत नाही. बेतण्याआधी कापडाच्या टोकाला एक आडवा धागा किनारीपासून किनारीपर्यंत ओढून काढा. जी रेघ पडते ती खरी सरळ रेघ. तिच्यावर कापा, मग घडी घाला. बऱ्याचदा दोन-तीन इंचांचा फरक निघतो. प्रिंट मुळातच तिरकी छापली असेल तर ते कापड घेऊ नका, कारण धाग्यावर कापलं तर प्रिंट वाकडी दिसते आणि प्रिंटवर कापलं तर कपडा फिरतो.

शिंप्याला तोंडी "लूज ठेवा" म्हणून काही होत नाही. आकडे द्या. छाती 36 असेल तर कुर्त्याची तयार छाती 40, ढगळ शर्टाची 42 ते 44. सीट 39 ला तयार 42, नाहीतर स्कूटीवर बसताना चिरेच्या वरच्या टोकाला कापड फाटतं. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, हा खरा मुद्दा. पुष्कळ ठिकाणी कपडा सैल करायचा म्हणून मुंढा खाली नेतात. मग हात वर केला की पूर्ण कुर्ता वर येतो. मुंढा काखेच्या जवळच हवा, सैलपणा छातीत आणि बाहीच्या रुंदीत द्यायचा. स्कूटी चालवणाऱ्या व्यक्तीला हा फरक रोज जाणवतो.

लिहून द्यायच्या आणखी गोष्टी: बाजूच्या शिवणीत 1 इंच माया (आत सोडलेलं जादा कापड), खालच्या घेरात 2 इंच, खांद्यात अर्धा. शिवायच्या आधी ओव्हरलॉक, म्हणजे कडा उसवू नयेत म्हणून मशीनची टीप. मलमल असेल तर ओव्हरलॉक नको, कडा आत लपवून दुहेरी टीप घालायला सांगा, नाहीतर ओव्हरलॉकचा जाड पट्टा बाहेरून दिसतो. खिसा हवा हे बेतण्याआधी सांगा आणि खिशाची पिशवी चांगल्या सुती कापडाची मागा, पातळ कापड मोबाइलच्या वजनाने उसवतं. कॉलर ताठ राहायला आत बकरम किंवा फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं अस्तर) घालणार असतील तर चांगल्या प्रतीचं घाला म्हणावं. हलकं फ्यूजिंग दोन धुण्यांत आटतं आणि कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे येतात. ते नंतर दुरुस्त होत नाहीत.

नव्या शिंप्याकडे एकदम पाच कपडे टाकू नका. एक कुर्ता द्या, घाला, बसा, हात वर करा, मग बाकीचे. ट्राउझर नव्या जागी शिवूच नका. क्रॉच बिघडला की बैठकीत ओढ बसते आणि माया असूनही नीट होत नाही. चांगली बसलेली रेडिमेड ट्राउझर नमुन्याला द्या आणि तिच्यावरून काढायला सांगा.

बर्डी_फिरस्ती

रेडिमेडच्या बाजूनेही थोडं. सगळं शिवण्याच्या मागे लागू नका. टी-शर्ट, जीन्स आणि पहिली ट्राउझर रेडिमेडच घ्या.

बर्डीत मेन रोडवर आणि "मोदी नंबर" नावाच्या गल्ल्यांत ट्रायल मिळेलच असं नाही, म्हणून पर्समध्ये टेप ठेवा. घरी जो कपडा सगळ्यात छान बसतो तो पलंगावर सपाट पसरून पाच मापं मोबाइलमध्ये लिहा: खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, लांबी, बाही आणि खालचा घेर. दुकानात कपडा काउंटरवर सपाट पसरा आणि तीच मापं घ्या. लेबलवरचं एम, एल वाचूच नका, दोन कंपन्यांचं एम दोन इंचांनी वेगळं असतं. खांदा जुळला नाही तर कपडा कितीही सुंदर असो, ठेवून द्या. कंबर आत घेता येते, लांबी कमी करता येते, पण खांदा सरकवायचा म्हणजे बाही आणि कॉलर दोन्ही उसवावी लागते.

मग कपडा उलटा करा. एका इंचात 10-12 टाके असतील तर ठीक. 6-7 दिसले तर शिवण लवकर सुटेल. टी-शर्ट बाजूच्या शिवणींवर जुळवून घडी घाला. शिवण सरळ खाली न जाता पुढे वळत असेल तर धुतल्यावर आणखी वळेल, कारण कापडात पीळ राहून गेलेला असतो. वजन विचारा. उन्हाळ्याला 160 ते 180 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. सध्या चालणारे ओव्हरसाइज टी-शर्ट बऱ्याचदा 220-240 चे असतात. फोटोत झकास पडतात, पण मेमध्ये अंगावर गोधडी. गोळे येतील का हे पाहायचं तर कापडावर अंगठा जोर देऊन वीस वेळा घासा. तंतू वर उठले तर पहिल्या महिन्यातच गोळे.

जीन्सच्या कापडाचं वजन औंसमध्ये सांगतात; 8 ते 10 औंसची घ्या, 12-14 ची हिवाळ्याला. लेबलवर इलास्टेन (ताणणारा धागा) 1-2 टक्के ठीक, त्यापेक्षा जास्त असेल तर गुडघे लवकर पोचे पडतात.

12,000 ची वाटणी मी अशी करीन: 5,000 कापड आणि रेडिमेड, 3,000 शिलाई, 2,500 चप्पल-बूट, आणि 1,500 मे महिन्यासाठी बाजूला. महिनाभर घातल्यावरच कळतं काय कमी पडतंय. एकाच वेळी सगळे पैसे संपवणाऱ्याकडे बारा टॉप आणि एकच चालणारी ट्राउझर असते. चार वरचे आणि तीन खालचे, पण प्रत्येक वरचा प्रत्येक खालच्यावर चालला पाहिजे. बारा जोड्या तयार. प्रिंट वर ठेवा, खाली एकरंगी. रंग आवडतात तर खाली गेरू, मेहंदी आणि गडद निळा घ्या, बेज घ्यायची गरजच पडत नाही.

आणि रेडिमेड घेताना 2,500 चा आकडा लक्षात असू द्या. सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग कपड्यावर 18 टक्के. बिल मागा, बदलून घ्यायला तेच लागतं.

जांभळी_ओढणी

मनापासून आभार. माया, मुंढा, लिया हे सगळं वहीत उतरवलं. आणखी दोन प्रश्न. घामाचे डाग कोणत्या रंगावर कमी दिसतात? आणि सनकोट बाजारातला घ्यायचा की शिवायचा? शिवाय दिवाळीला घालण्यासाठी करवत काठीचं काहीतरी घ्यायची इच्छा आहे, साडी नाही तर ओढणी किंवा ब्लाउजचं कापड. खरं-खोटं कसं ओळखायचं?

ताणाबाणा

घाम सगळ्यात वाईट दिसतो तो करड्या रंगावर, मग फिक्या निळ्यावर, मग खाकीवर. कारण ओलं झालं की हे रंग एकदम गडद होतात. पांढरा, गडद नेव्ही, काळा आणि बारीक दाट प्रिंट यांवर कळत नाही. अजरख, बगरू, कलमकारीसारख्या भरलेल्या प्रिंट यासाठी उत्तम. गडद रंगावर मात्र वाळलेल्या घामाची पांढरी रेघ उमटते, ती साध्या पाण्याने निघते. त्याच संध्याकाळी काखेचा भाग धुवून टाका.

सनकोट शिवाच. विकत मिळणारे पुष्कळसे पॉलिस्टर मिश्रणाचे असतात, पाठीला चिकटतात. इथे पातळ मलमल चालणार नाही, कारण विरळ विणीतून ऊन आत येतं. दाट विणीचं पॉपलिन किंवा हलकं ड्रिल घ्या, 58 पन्हा असेल तर 2 मीटर. बाही बोटांच्या सांध्यापर्यंत, आतल्या कपड्यापेक्षा छाती 4 इंच जास्त, पुढे चेन नको, मोठी बटणं, म्हणजे सिग्नलला पटकन उघडता येतात. रंग गडद असला तरी हरकत नाही, सैल असेल तर आतून हवा खेळते. नागपूरचा मे कोरडा असतो, घाम उडाला की गारवा मिळतो, म्हणून सैल पूर्ण बाही ही स्लीव्हलेसपेक्षा थंड पडते. जुलैत दमटपणा आला की गणित बदलतं, तेव्हा पातळ आणि लवकर वाळणारं कापड. जीन्स पावसाळ्यात कपाटात राहू द्या, वाळत नाही आणि कुबट वास धरते.

धोटा

करवत काठीबद्दल लिहितो, कारण या एका गोष्टीत नागपूरच्या बाजाराला तोड नाही. नागपूर, भंडारा, चंद्रपूर या पट्ट्यातलं हे विणकाम. मध्ये टसर (एक प्रकारचं रेशीम) आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी, म्हणून करवत काठी. भौगोलिक मानांकन मिळालेलं कापड आहे.

ओळखायचं काठावरून. हातमागावर हा काठ तीन धोट्यांनी (आडवा धागा नेणारं साधन) विणतात: एक मधल्या अंगाला, एकेक दोन्ही काठांना. दाताच्या कडेला काठाचा आडवा धागा आणि अंगाचा आडवा धागा एकमेकांत अडकवून परत फिरवतात. त्यामुळे रंग दाताच्या टोकाशी स्वच्छ तुटतो. काठाचा रंग अंगात शिरत नाही आणि अंगाचा काठात नाही. कापड उलटं करा, दाताच्या कडेवर नख फिरवा. अडकवलेल्या धाग्यांची बारीक उंच रेघ नखाला लागते. नकलेत मागच्या बाजूला एका दातापासून दुसऱ्या दातापर्यंत लोंबते धागे दिसतात किंवा ते कापून टाकलेले असतात. छापील असेल तर उलट्या बाजूला रंग फिका.

टसरचा नैसर्गिक रंग मधासारखा, आणि धागा एकसारखा नसतो. मध्येमध्ये जाड गाठी येतात, तो दोष नव्हे. अगदी काचेसारखी गुळगुळीत, सपाट चमक दिसली तर शंका घ्या. धागा जाळला तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सिल्क मार्कचं लेबल आणि हँडलूम मार्क असेल तर उत्तम, नसेल तर बिलावर "टसर, हातमाग" असं लिहून घ्या. जो दुकानदार लिहून द्यायला तयार नसतो त्याच्याकडून घेऊ नका.

ब्लाउजच्या कापडात काठ बाहीला आणायचा असेल तर शिंप्याला बेतण्याआधी सांगा. दात कापले जाऊ नयेत म्हणून काठ बाहीच्या तळाशी ठेवून बाकी माप वरच्या बाजूने काढावं लागतं. शिवणीवर ताण येईल असा घट्ट ब्लाउज टसरचा शिवू नका, धागा शिवणीपाशी सरकतो आणि फटी दिसतात. टसरच्या आत सुती अस्तर घालाच. पहिल्यांदा ड्राय क्लीन, अत्तर थेट कापडावर नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला.

महालची_टीप

दिवाळीचं म्हणताय तर शिंप्याकडे कापड निदान महिनाभर आधी टाका. नवरात्रानंतर दिलेला कपडा घाईत शिवला जातो आणि घाईत पहिली कपात होते ती मायेवर.

रंगाबद्दल एक राहिलं. इंडिगो, अजरख किंवा गडद लाल घेताना दुकानातच ओला पांढरा रुमाल कापडावर दहा वेळा घासा. रुमाल किंचित रंगला तर चालेल, दोन-तीन वेळा गार पाण्यात वेगळं धुतलं की जादा रंग निघून जातो. रुमाल चांगलाच निळा झाला तर ते फिक्या ट्राउझरवर किंवा स्कूटीच्या फिक्या सीटवर उतरणार. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने असा रंग पक्का होत नाही. गांधीबागेला मेट्रोने जायचं तर अग्रसेन चौक स्टेशनला उतरा, स्कूटी लावायला तिकडे जागा नसते. सकाळी दुकानं उघडताच गेलात तर तागा दाराशी आणून उजेडात दाखवतात. ट्यूबलाइटखाली मेहंदी आणि खाकी सारखेच दिसतात.